उद्घाटनाआधीचं ठाणं

“कुसगावला कुलूप हाय, सायेब,” दगडू सुतार म्हणाला आणि टोपी काढून टेबलासमोर उभा राहिला.

जानेवारीची नऊ तारीख होती. सकाळचे दहा वाजत आले होते. मी तेव्हा वाळवंडी पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार होतो. म्हणजे ठाण्यात शिरल्याबरोबर पहिल्या टेबलामागे जो हवालदार बसलेला असतो, तो. लोकांना वाटतं, ठाणं साहेब चालवतो. साहेब दोन-अडीच वर्षांनी बदलून जातो. पहिल्या टेबलावरचा माणूस डोकं वर करून बघतो की नाही, यावर येणाऱ्याचं काय होणार ते ठरतं. मी डोकं वर करून बघायचो. लोक म्हणायचे, खैरमोडे हवालदार बोलायला चांगला. होतोच मी बोलायला चांगला.

“गाव कुठलं?”

“तोंडली.”

“मग तुमचं ठाणं कुसगाव. एक तारखेपासून तुम्ही आमच्याकडे नाही.”

“त्येच म्हनतोय की. कुसगावला कुलूप हाय. दाराला तांबडी फीत बांदल्या. म्होरं मांडव घालाय लागल्यात. एक होमगार्ड बसलाय, त्यो म्हनला वाळवंडीला जा. आतली टेबलं-कपाटं म्याच केल्यात सायेब, पर मला बी उगडंना त्यो.”

मी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. त्याचं नव्हतं.

त्याची मुलगी रूपाली, वय बावीस. दोन वर्षांपूर्वी हिंगणवाडीला दिलेली. चार दिवसांपूर्वी ती रात्रीच्या मुक्कामी गाडीने माहेरी आली ती ओठ फुटलेला, पाठ काळीनिळी झालेली. परत जाणार नाही म्हणाली. बापाने ठेवून घेतली. त्या दिवशी सकाळी सातला नवरा आणि त्याचे दोन भाऊ जीप घेऊन आले आणि तिला केसाला धरून ओढत घेऊन गेले. आई आडवी आली, तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ते रक्त तिचं होतं.

“जाताना काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, आज हिचा निकाल लावतो. दारात हुबा ऱ्हाऊन म्हनला. आख्ख्या आळीनं ऐकलंय. माजं भाऊ, पुतनं समदी काठ्या घिऊन निगाली हुती. मी म्हनलं, थांबा. आदी पोलिसात जातो. काठ्यांनी काय तरी इपरीत हुईल.”

“बरं केलंत,” मी म्हणालो.

पुढचं समजण्यासाठी आधी आमच्याकडचा घोळ सांगायला हवा. वाळवंडी ठाण्याची हद्द फार मोठी होती. एका टोकाचं गाव दुसऱ्या टोकापासून पन्नास किलोमीटर. म्हणून सरकारने आमची चोवीस गावं तोडून कुसगावला नवं ठाणं मंजूर केलं. आदेश आला: एक जानेवारीपासून ही गावं कुसगावकडे वर्ग. आमची चौदा माणसंही कागदावर तिकडे वर्ग झाली आणि ठाणं उघडेपर्यंत मुख्यालयाला जाऊन बसली. पण ठाणं उघडायचं पालकमंत्र्यांच्या हस्ते, आणि पालकमंत्र्यांना वेळ नव्हता. एक तारीख ठरली होती, ती सहा झाली, सहाची चौदा झाली. त्यामुळे एक ते चौदा या दिवसांत ती चोवीस गावं, साधारण चाळीस हजार माणसं, कुणाच्याच हद्दीत नव्हती. आमच्याकडून गेली होती आणि तिकडे पोचली नव्हती. आम्ही चहा पिताना यावर हसायचो. आता चोरांनी दोन आठवडे तिकडेच मुक्काम ठोकावा, असं म्हणायचो.

यावर उपाय नव्हता असं नाही. हद्द कुणाचीही असो, दारात आलेल्याची तक्रार घ्यायची, तिला शून्य नंबर द्यायचा आणि ज्याची हद्द असेल त्या ठाण्याकडे पाठवायची. नव्या भरतीच्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. तीन तारखेला आमच्या साळुंखे हवालदाराने तसं केलंही. त्या चोवीसांतल्याच एका गावची म्हैस चोरीला गेली होती, त्याने शून्याने दाखल करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला आमच्या पीआय जाचक साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर पट्टा काढायला लावला आणि दुपारच्या गाडीने मुख्यालयाला पाठवून दिला.

जाचक साहेब वाईट माणूस होता असं कुणी समजू नये. पैसे खाणारा नव्हता, पिणारा नव्हता. आमच्या पोरांच्या फीसाठी शाळेत जाऊन भांडायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, आणि ते त्या दिवशी मी केबिनमध्ये गेल्यावर त्याने पुन्हा ऐकवलं.

“तोंडलीचा माणूस आलाय, सर. मुलीला जबरदस्तीनं उचलून नेलंय. जिवाचं आहे.”

“खैरमोडे, तोंडली कुणाकडं?”

“कुसगाव, सर.”

“मग?”

“कुसगावला कुलूप आहे.”

“ते कुलूप मी लावलंय का? माझी चौदा माणसं नेली त्यांनी. गावंही नेली. आता एक कागद आपण घेतला की उद्या एसपी ऑफिस म्हणणार, वाळवंडी घेतंय ना, घेऊ द्या. मग माणसं तिकडं आणि चोवीस गावं माझ्या उरावर. वर्षाची पहिली क्राइम मिटिंग पंधराला आहे. मला नको ते लफडं.”

“सर, एक गाडी तरी पाठवू का? नुसतं बघून येतील.”

“गाडी पाठवली की डायरीला नोंद. नोंद केली की हद्द आपली. तुम्हाला हे मी सांगायचं का?” त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “कुसगावचा फौजदार बारा वाजता मांडव बघायला यायचाय. त्याच्याकडं पाठवा. त्याचं काम आहे ते.”

मी डीवायएसपी साहेबांच्या कार्यालयात फोन केला. त्यांचा रीडर, म्हणजे त्यांचं लिखापढीचं काम बघणारा, म्हणाला, साहेब उद्घाटनाच्या बंदोबस्ताच्या बैठकीला गेलेत, तुम्ही लेखी विचारा. कंट्रोलला फोन केला. कंट्रोल म्हणालं, तोंडली कुसगाव ठाण्याकडे दिसतं, कुसगावचा नंबर लागत नाही. हिंगणवाडीही त्या चोवीसांतलीच; तिथल्या पोलीस पाटलाला एक फोन करता आला असता. नुसतं, घरात डोकावून ये बाबा, एवढंच म्हणायचं होतं. तो मी केला नाही. त्या फोनचीही नोंद झाली असती.

माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मुख्यालयाला बदली म्हणजे पोलीस लाइनीतली खोली सोडायची, परीक्षेच्या तोंडावर तिला घेऊन कुठेतरी जायचं. हे मी त्या दिवशी मनातल्या मनात चार-पाच वेळा म्हटलं.

बाहेर येऊन दगडूला सांगितलं, “बाराला कुसगावला फौजदार येतायत. त्यांना गाठा. ते लगेच हलतील.”

“नक्की न्हवं?”

“नक्की.”

तो धावतच गेला. कुसगाव अठरा किलोमीटर. वडाप जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे मला माहीत होतं.

दुपारी तीनच्या सुमारास तो परत आला. या वेळी तो टेबलासमोर आला नाही, दारातच उभा राहिला.

“काय झालं?”

“भेटलं फौजदार. भला मानूस. म्हनलं, बाबा, माज्याकडं वही न्हाई, शिक्का न्हाई, मानसं न्हाईत. चौदा तारखेपातूर मी बी कागदावर मुख्यालयालाच हाय. मला कायबी करता येत न्हाई. तू वाळवंडीला जा.” मग म्हणाला, “सायेब, सकाळी सातला नेलीया तिला. आता तीन वाजलं. मी निस्ता जिपात बसतोय आनि उतरतोय.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला बाहेर काढला असता, तो पेटला असता, पुतण्यांना घेऊन काठ्यांनिशी हिंगणवाडीत शिरला असता. असं मी नंतर शंभरदा मनात चालवून बघितलं आहे. पण तो तसा नव्हताच. सरकारी माणसासमोर हात जोडून उभं राहिलं की काम होतं, यावर त्याचा विश्वास होता, आणि मी तर त्याच्याशी चांगलं बोललो होतो.

जाचक साहेब जेवायला घरी गेले होते. ठाण्यात मी, वायरलेसवरचा शिपाई आणि एक झोपलेला दारुडा, एवढेच. मी खुर्ची पुढे ओढली.

“बसा. सगळं पहिल्यापासून सांगा. लिहून घेतो.”

तो बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. मी कोरा ताव घेतला आणि लिहायला लागलो. गाव, वय, धंदा. लग्नाची तारीख. पहिल्यांदा कधी मारलं. कशाने मारलं. सकाळची जीप, तिचा नंबर, उंबरा, आईचं डोकं. नवरा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. दोन्ही बाजू भरल्या. माझं अक्षर चांगलं आहे. पण वरच्या ओळीत मी ‘वाळवंडी पोलीस ठाणे’ असं लिहिलं नाही. मी लिहिलं: मा. पोलीस उपनिरीक्षक, कुसगाव पोलीस ठाणे यांस. आणि ताव माझ्या वहीत ठेवला नाही, घडी घालून त्याच्या हातात दिला.

माझ्या डोक्यात एवढंच होतं की याच्या मनावरचं ओझं उतरेल. चौदाला कुसगाव उघडलं की कागद तयार असेल, पुन्हा सांगायची वेळ येणार नाही. चौदाला. त्या दिवशी तारीख नऊ होती.

दगडूने तो उलगडला, वर-खाली बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं.

“शिक्का?” तो म्हणाला. “शिक्का मारा सायेब. बिगरशिक्क्याचं कोन इचारत न्हाई.”

टेबलावर चार शिक्के होते. ठाण्याचा गोल शिक्का मारला की मामला आमचा झाला. मी दुसरा उचलला. दाखल्यांच्या झेरॉक्सवर ‘खरी नक्कल’ म्हणून मारायचा असतो, तो. त्यावर ना गाव, ना ठाणं, ना तारीख. जांभळ्या शाईत दाबून तो कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मारला. नीट उमटला. दगडूने शाईवर फुंकर मारली.

“आता मी काय करू?”

“आता घरी जा. हिंगणवाडीला कुणीही जायचं नाही. पुतण्यांना आवरा. मारामारी झाली तर उलट तुमच्यावर केस होईल. कागद जपून ठेवा.”

“मंजे पोलीस जातील न्हवं?”

मी हो म्हणालो का? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मान हलवली असेन. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी खांदे धरून त्याला उठवलं. जाताना त्याने तो कागद आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हिंगणवाडीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. विहिरीत बाई तरंगतेय. नवीन ठाणं उघडलं नाही म्हणून तुम्हाला करतोय, म्हणाला.

आणि मग बघा काय झालं. मी केबिनमध्ये सांगितलं, जाचक साहेबाने वायरलेसवर डीवायएसपींना विचारलं, पाच मिनिटांत उत्तर आलं: वाळवंडीने करावं, नंतर वर्ग करावं. लेखी कुणी मागितलं नाही. सव्वानऊला आमची गाडी हिंगणवाडीत होती. अकस्मात मृत्यूची नोंद आमच्याच वहीत झाली, आमच्याच गोल शिक्क्याने, वर्षातली पहिली. जिवंत होती तेव्हा ती कुणाच्या हद्दीत नव्हती. मेल्याचा फोन आल्यावर तासाभरात तिला हद्द मिळाली. पंचनाम्यासाठी साहेबाने मलाच बरोबर नेलं होतं. खाटेवर ठेवलेल्या त्या पोरीचा ओठ फुटलेला होता, जसा बापाने सांगितला होता तसा. मी तो पंचनाम्यात पुन्हा एकदा लिहिला. मरण्याची वेळ डॉक्टरांनी अंदाजे दिली. नऊ तारखेची संध्याकाळ, सहा ते नऊच्या दरम्यान. दगडू माझ्यासमोरून उठला तेव्हा साडेतीन वाजले होते. ती जिवंत होती.

चौदाला उद्घाटन झालं. मी बंदोबस्ताला होतो. फीत कापली, टाळ्या झाल्या.

महिनाभराने कुठल्याशा पेपरात बातमी आली, आणि डीवायएसपी साहेब चौकशीला आमच्याकडे आले. त्यांनी दगडूला बोलावलं होतं. तो भावाबरोबर आला. महिन्यात त्याचं अंग निम्मं झालं होतं. साहेबांचा रीडर रजेवर होता.

“खैरमोडे, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात,” साहेब म्हणाले. “जबाब तुम्हीच लिहा.”

मी लिहायला बसलो. पुन्हा तोच माणूस समोर, तसाच कोरा ताव.

“तुम्ही पोलिसांकडे तक्रार दिली होती का?” साहेबांनी विचारलं.

“दिली की. ही बगा.” त्याने आतल्या खिशातून कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. घड्यांवर जरा झिजला होता, शिक्का मात्र तसाच जांभळा.

साहेबांनी तो वाचला. दोन्ही बाजू वाचल्या. वरची ओळ बघितली, कोपऱ्यातला शिक्का बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मनात म्हटलं, आता सगळं संपलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, आता कुणीतरी बोलेल.

साहेबांनी दगडूला विचारलं, “तुमचे भाऊ-पुतणे मिळून सातजण आहेत. हिंगणवाडी तुमच्यापासून तीन मैल. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मुलीला आणायला का गेला नाहीत?”

दगडू साहेबांकडे असा बघत राहिला, जसं काही त्यांना साधी गोष्ट कळत नाही.

“कसं जानार सायेब? शिक्का मारून दिला हुता न्हवं. पोलीस जानार हुतं. आमी मदी घुसलो तर त्यांच्या कामात खोडा. पोरं ऐकत नव्हती. काठ्या घिऊन येशीपातूर गेली हुती. मी आडवा झोपलो वाटंवर. म्हनलं, माज्या छाताडावरनं जावा. कागद दावला त्यास्नी. तवा माघारी फिरली.”

त्याच्या भावाने मान खाली घातली.

साहेबांनी कागदाची घडी करून तो दगडूलाच परत दिला. “हा ठाण्याचा कागद नाही,” ते मला हळूच म्हणाले, दगडूला ऐकू जाणार नाही असं. “नोंद नाही, नंबर नाही. रेकॉर्डला घ्यायची गरज नाही.” मग मोठ्याने म्हणाले, “लिहा, खैरमोडे. वाळवंडी ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊन मला योग्य ते मार्गदर्शन केले. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. असंच आहे ना, सुतार?”

“आसंच हाय सायेब,” दगडू म्हणाला. “ह्यांच्यावर काय बी बालंट नगं. समद्यांनी हाकललं, ह्यांनी येकट्यांनी खुर्ची दिली. समदं लिवून घेतलं. ह्यास्नी लेक आसंल, म्हनून कळलं ह्यास्नी.”

मी लिहिलं. माझ्याविषयी जे जे तो म्हणाला, ते मी माझ्याच हाताने लिहिलं. बोलायला हवं होतं. दगडू, अरे तो शिक्का कसलाच नव्हता, मी कुणालाच पाठवलं नव्हतं, मी तुला हाकललं असतं तर तुझी पोरं सहाच्या आत पोचली असती आणि ती वाचली असती. एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. समोर साहेब बसले होते, बाजूच्या खोलीत जाचक साहेब होते, आणि माझ्या मुलीची परीक्षा सात दिवसांवर होती. मी तोंड मिटलं. आज मुलगी नोकरीला आहे, मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आणि जाचक साहेब केव्हाच वारले. आता बोलायला कुणाची आडकाठी नाही आणि ऐकायला दगडूही नाही. त्याचा जावई पुराव्याअभावी सुटला. निकालात एक वाक्य होतं, घटनेपूर्वी पोलिसांकडे कोणतीही तक्रार नोंदलेली आढळत नाही.

जबाब पुरा झाला. नियमाप्रमाणे मी तो दगडूला सावकाश वाचून दाखवला. मार्गदर्शनाच्या वाक्याला त्याने मान डोलावली. शाईचं पॅड पुढे केलं, त्याचा अंगठा धरून टेकवला. सुताराचा अंगठा, घट्ट्यांनी भरलेला, रेघा धड उमटेनात, तीनदा टेकवावा लागला. त्याखाली मी सही केली.

अंगठा धोतराला पुसत तो उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. साहेबांकडे एकदा बघून माझ्याकडे वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सायेब, माज्यापायी तुमाला काय तरास न्हाई न्हवं हुनार?”

“नाही होणार,” मी म्हणालो.

आणि नाहीच झाला.